अर्धी फेरी बाहेरून

कालव्याच्या काठाने निम्मं अंतर चालून झालं असेल, तोवर वन्सं एक अक्षर बोलल्या नव्हत्या. गाड्या केव्हाच पुढे गेल्या होत्या. आमच्या ह्यांनी त्यांच्यासाठी दार उघडून धरलं होतं, पण "मी चालत येते" एवढंच सांगून त्यांनी काठाची वाट धरली. ह्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं, जा बरोबर. म्हणून मी होते. वन्संची डावी बाही खांद्यापासून कोपरापर्यंत ओली होती. ती पिळावी, वाऱ्यावर धरावी, हेही त्यांना सुचत नव्हतं.

लोखंडी पुलापाशी त्या थांबल्या आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "वहिनी, नकाशात ती ठिपक्यांची रेघ होती गं. नुसती ठिपक्यांची रेघ. मीच काढलेली."

सासूबाईंना पोचवून आम्ही परत निघालो होतो. जिथे त्यांना अग्नी दिला ती वास्तू वन्संनीच, म्हणजे त्यांच्या पोटच्या मुलीनेच, आखलेली. तिथे नेलेलं हे पहिलंच माणूस. आणि आत सगळे खोळंबलेले असताना बाहेर जे घडलं ते फक्त मी पाहिलं होतं. माझे हात अजून गार होते.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. धंदा स्वयंपाकघरं आखून देण्याचा. लहान, अडचणीच्या, वाकड्या जागा ही त्यांची खासियत. ज्या खोलीत दोघी उभ्या राहिल्या तर तिसरीने बाहेर थांबावं, तिथेही त्या शेगडी, मोरी आणि भांड्यांचं कपाट असं बसवून देत, की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. आपल्या लोकांत त्यांना सगळे ओटेवाली म्हणत. त्यांचा एक नेम होता. घरातल्या बाईला उभं करून "कोपर वाकवा बघू" म्हणायचं आणि जमिनीपासून कोपरापर्यंत माप घ्यायचं. मग त्या मापाने ओटा. कुणाकडे पाहुण्या म्हणून गेल्या तरी नजर आधी तिथेच जायची. "हा कुणाच्या उंचीचा केलाय? तुमच्या नव्हे!" समोरचीचा चहाच कडू व्हायचा. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं, तर म्हणत, "माप घेतलं होतं. बसलं नाही." आईबरोबर राहायच्या, आमच्या वरच्या मजल्यावर.

सासरे गेले तेव्हा परमुलखातल्या या गावात आपल्या मराठी लोकांसाठी वेगळी सोय नव्हती. सगळ्यांसाठी असलेल्या दहनगृहात ओळीने खुर्च्या मांडलेल्या आणि समोर पडदा. आमच्या आधीच्या कुटुंबाची गाणी अजून चालूच होती, ती बंद करायला कुणी आलं नाही. सासूबाई नवऱ्याभोवती फेरी घालायला म्हणून उठल्या, तर तिथला माणूस अदबीने पुढे आला आणि म्हणाला, "बसून घ्या." त्या बसल्या. पडदा सरकला. दाराबाहेर पुढचे लोक उभे होते.

"झालं?" सासूबाईंनी मला विचारलं. "एवढंच?"

घरी आल्यावर हातपाय धुऊन त्या आम्हा सगळ्यांना म्हणाल्या, "मला त्या पडद्यामागे ढकलू नका. माझ्याभोवती माझी माणसं फिरली पाहिजेत. बाकी काही मागत नाही मी." वन्सं भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. तेव्हापासून ते त्यांच्या डोक्यात बसलं.

पुढे एकदा आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. अध्यक्षांना सगळे माइकवाले काका म्हणतात, कारण माइक हातात आला की सुटत नाही. वन्संचे हात कामात होते म्हणून त्यांनी फोन मोठ्या आवाजात लावून ओट्यावर ठेवला. मी समोरच बसले होते.

"ताई, एक ओटा करून हवाय. जागा फार अडचणीची आहे."

"अडचणीची नसती तर मला कोण बोलावतं? गॅस आहे?"

"गॅसवरचंच करायचं ठरलंय."

"शेगड्या किती?"

काका घुटमळले. "एकच. पण मोठी."

"रोज किती माणसांचं?"

"रोज कुठलं हो! महिन्यातून एखादं."

"एवढ्यासाठी वेगळी जागा घेतलीत? बरं, धुराचं काय?"

"चिमणी उंच हवी, तसा नियमच आहे."

"आणि पाणी?"

"पाणी लागणारच. अंघोळ घालायची असते ना."

वन्संची पेन्सिल थांबली. "अंघोळ? कुणाला?"

"कुणाला म्हणजे? जो गेला त्याला!"

माझ्या हातातली वाटी खाली पडली. वन्सं फोनकडे बघत राहिल्या. हा इतका वेळ मंडळाच्या सभागृहाचं स्वयंपाकघर आखत होत्या त्या, आणि काका बोलत होते स्मशानातल्या ओट्याबद्दल, देह ठेवतात त्या! मी मनात राम राम म्हटलं. तेवढ्यात आतल्या खोलीतून सासूबाईंचं हसणं ऐकू आलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"हो म्हण गं!" त्या तिथूनच ओरडल्या. "माप घ्यायला गिऱ्हाईक घरातच आहे!"

असलं अभद्र बोलणं ऐकून मी कानांवर हात ठेवले. वन्संनी हो म्हटलं.

जागा बघायला मीही गेले होते, फाटकाबाहेर उभी राहून पाहिली. ट्यूबलाइटच्या खोक्यासारखी लांब आणि अरुंद. एका अंगाला धुलाईचा कारखाना, इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारा. त्याची भिंत हात लावला तर कोमट लागायची. दुसऱ्या अंगाला कालवा. गावाने दिली ती एवढीच, आणि वेळेत नकाशा मंजूर झाला नाही तर तीही परत जाणार होती. दोन वास्तुविशारद बघून गेले होते. दोघांनीही, मोठी जागा मिळाली की कळवा, असं सांगितलं होतं. त्यातलाच एक वन्संच्या ओळखीचा. तो म्हणाला, "तुम्ही बसवून दाखवा, तपासून सही मी करतो."

वन्संनी सगळं बसवलं. भट्टी बसली, चिमणी बसली, अंघोळीची जागा, बसायची बाकं, गाडी वळवायची जागाही बसली. बसेना ती फेरी. अग्निशमन खात्याच्या साहेबांचं म्हणणं, कालव्याच्या बाजूची पट्टी मोकळी सोडा, तिथे काही बांधायचं नाही आणि त्या पट्टीवर बाहेर पडायला दोन दारं ठेवा. पट्टी सोडल्यावर आत उरलं ते एवढंसं. ओटा मधोमध ठेवला तर दोन्ही बाजूंनी अंग चोरून सरकावं लागे. भिंतीला लावला तर भोवती फिरता येईना.

गुरुजी भले गृहस्थ, आवाज चढवत नाहीत. पण तेही म्हणाले, "ताई, फेरी नसेल तर मी तिथे मंत्र म्हणणार नाही. मग ते पडद्याचंच काय वाईट?"

वन्संच्या आईने मागितलं होतं तेही नेमकं तेवढंच. म्हणून त्या रडकुंडीला आल्या होत्या. रडत नव्हत्या, सगळ्यांवर खेकसत होत्या.

मग मंडळाच्या बैठकीत त्या उभ्या राहिल्या. "स्वयंपाकघरात कोपऱ्यातल्या कपाटाच्या आतपर्यंत हात पोचत नाही," त्या म्हणाल्या. "तिथे आम्ही फिरती फळी लावतो. बाई जागेवर उभी, डबे फिरून पुढे येतात. इथे माणसाला फिरायला जागा नाही. तर माणूस उभा राहील, ओटा फिरवू."

काकांच्या हातातला माइक कुंईं करून ओरडला. मी शेजारणीचा हात धरला.

"मयताला गरगर फिरवायचं?" गुरुजींनी कसंबसं विचारलं.

"गरगर कशाला? सावकाश."

"बटणावर का?" मागून कुणीतरी. हसू की नको असं सगळ्यांचं झालं. एक आजोबा काठी टेकत उठून चालते झाले. दुसऱ्या दिवशी घरोघरी तेच. ओटेवालीला वेड लागलं. मढं काय मिसळणाचा डबा आहे?

वन्संनी हट्ट सोडला नाही. आमच्या गाडीच्या शेडमध्ये त्यांनी फळ्यांचा एक ओटा करवून घेतला, खाली फिरतं चाक लावलं आणि गुरुजींना व काकांना बघायला बोलावलं. म्हणाल्या, प्रत्यक्ष बघा आणि मग नाही म्हणा. तर सासूबाई काठी टेकत खाली आल्या. आम्हाला वाटलं, बघायला आल्या असतील. स्टुलावर पाय देऊन त्या सरळ ओट्यावर चढल्या, आडव्या झाल्या, पदर नीट केला आणि डोळे मिटले.

"आई! उतर आधी!" हे धावले.

"थांब रे. गिऱ्हाइकाचं माप घेतल्याशिवाय ही ओटा करत नाही ना? मग घे म्हणावं." आणि डोळे न उघडताच, "फिरव गं."

जिवंत माणूस, घरातलं वडीलधारं, तसं हात जुळवून पडलेलं! गुरुजींनी मान फिरवली. वन्संचा चेहरा पांढरा पडला होता, तरी त्यांनी फळीच्या कडेला हात लावला आणि खरंच फिरवलं. चाकाला वंगण भरपूर घातलेलं, सासूबाई निःशब्द वळत गेल्या. त्यांचे पाय माझ्यासमोरून गेले. मग डोकं आलं. त्यांनी डोळे उघडले होते.

"नको," त्या म्हणाल्या. "छत फिरतंय आणि तुम्ही सगळे ढिम्म उभे. मीच एकेकाला भेटत फिरतेय असं वाटतं. जन्मभर तुमच्याभोवती मीच फिरले. आता मला एका जागी पडू दे. तुम्ही फिरा."

"जागा नाही गं आई," वन्संचा आवाज फाटला.

"आत नसेल तर बाहेरून फिरा. गाभाऱ्याच्या आत कधी कुणी फिरतं का? देवळाला मागून फेरी घालतात ती काय खोटी?"

मग गुरुजी हळूच म्हणाले, "ते मात्र शास्त्राला धरून आहे."

वन्सं ऐकायला थांबल्याच नाहीत. सासूबाईंना ओट्यावर तशाच सोडून वर धावल्या. आम्ही त्यांना उतरवून वर नेलं तोवर नकाशा तयार होता. ओटा कालव्याकडच्या भिंतीला लावलेला. डोक्याकडच्या दाराने बाहेर पडायचं, मोकळ्या पट्टीवरून भिंतीमागून चालायचं आणि पायांकडच्या दाराने आत यायचं. अर्धी फेरी आतून, अर्धी बाहेरून. बाहेरची अर्धी ठिपक्यांनी दाखवली होती. आम्हाला मराठी शाळेत भूमितीच्या बाईंनी शिकवलं होतं, जी रेघ खरी नसते, नुसती समजायची असते, ती ठिपक्यांनी काढतात.

अग्निशमनच्या साहेबांनी नकाशा उलटासुलटा करून पाहिला. "पट्टीवर बांधायला मनाई आहे," ते म्हणाले, "चालायला नाही." नकाशा मंजूर झाला.

बांधकाम वन्संनी घरचं असल्यासारखं करून घेतलं. गवंडी ओट्याची उंची बघून म्हणाला, "ताई, चुकताय तुम्ही. हा किचनचा ओटा झाला."

"चुकत नाही. जवळ उभं राहणाऱ्याला वाकायला लागू नये. त्या दिवशी कुणाची कंबर धड नसते."

वास्तू खुली झाली त्या दिवशी माइकवाले काका भरभरून बोलले, आणि शेवटी सवयीने म्हणून गेले, "सर्वांनी या सोयीचा लवकरात लवकर लाभ घ्यावा!" आपण काय बोललो ते कळल्यावर त्यांनी स्वतःच माइक खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा. सासूबाईंना हसता हसता ठसका लागला. आम्ही पाणी दिलं. तो त्यांचा बाहेरचा शेवटचा फेरफटका ठरला. मग त्या झोपूनच राहिल्या, आणि एका सकाळी मी चहा घेऊन वर गेले तर वन्सं त्यांच्या पायांवर हात ठेवून बसलेल्या दिसल्या. म्हणाल्या, "चहा परत ने."

मडकं मुलीने धरायचं हे सासूबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. गुरुजींनी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "आईचं ठरलेलं आहे." गुरुजींनी मान डोलावली.

मी आत गेले नाही. बायकांनी स्मशानात पाऊल टाकायचं नाही अशा घरात मी वाढलेली. बाहेरच्या मोकळ्या पट्टीवर, कालव्याच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून रामनाम घेत उभी होते. धुलाईच्या यंत्रांची घरघर ऐकू येत होती. आतला गुरुजींचा आवाज एका दाराने स्पष्ट यायचा, दुसऱ्याने घुमून.

पहिल्या फेरीत वन्सं माझ्यासमोरून गेल्या. खांद्यावर मडकं, मडक्याला भोक, मागे पाण्याची धार. त्यांच्यामागून हे, मग बाकीचे. पुढच्या फेरीला आणखी एक भोक, आणखी एक धार. या फेरीतही त्या नीट चालल्या. शेवटच्या फेरीला एकट्यानेच जायचं होतं. त्या पहिल्या दाराने बाहेर आल्या, पट्टीच्या मध्यापर्यंत आल्या, आणि उभ्याच राहिल्या.

मला वाटलं, दम खातायत. पण त्या हलेनात. पाणी बाहीवरून, कोपरावरून खाली गळत होतं.

"वन्सं?"

"वहिनी, त्या दाराने मी आत गेले की फेरी पुरी होते."

"हो."

"मग मी नाही जात."

आत मंत्र थांबले. पायांची चुळबुळ ऐकू आली. "ताई?" हे आतून हाक मारत होते. वन्सं कालव्याकडे बघत होत्या. पलीकडच्या काठाने एक माणूस सायकलवरून शीळ घालत चालला होता.

"इथून काही दिसत नाही गं," त्या म्हणाल्या. "मध्ये भिंत आहे. इथे उभं राहिलं तर काहीच झालेलं नाही. आई घरी आहे, मी साइटवर आले आहे."

"पाणी संपत आलंय, वन्सं."

"संपू दे."

आणि मी काय केलं ते मलाच नंतर कळलं. गळक्या नळाला लावावा तसा मी पुढे होऊन मडक्याच्या खालच्या भोकाला तळवा लावला. धार बारीक झाली. वन्संनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी तिथे आहे हे त्यांना आत्ता दिसलं.

"असं चालतं?" त्यांनी विचारलं, अगदी साध्या आवाजात.

"माहीत नाही. गुरुजींना सांगू नका."

त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. हसू नव्हे, पण काहीतरी हललं. मी म्हटलं, "देवळाच्या मागे गेल्यावर देव दिसत नाही. म्हणून कुणी मागेच उभं राहतं का? वळून आलं की तो तिथेच असतो. आई तिथेच आहेत. चला."

"तिथेच आहे?"

"मी सोडून येते तुम्हाला."

तळवा लावूनच मी त्यांच्या बरोबरीने चालले, आणि दाराशी हात काढला. पाणी पुन्हा वाहू लागलं. आत आल्यावर ओटा समोर होता, माझ्या कोपराच्या उंचीवर. वाकावं लागलं नाही. मडकं मागे पडून फुटलं, तो आवाज ऐकला तेव्हा कुठे मला उमगलं की मी स्मशानात उभी आहे. कुणी काही बोललं नाही. माझ्याही मनात भीती आली नाही, याचाच मला धक्का बसला होता.

आणि आता पुलापाशी वन्सं त्या ठिपक्यांच्या रेघेबद्दल बोलत होत्या.

"सगळ्यांची मापं घेतली मी," त्या म्हणाल्या. "खांदेकऱ्यांची, गुरुजींच्या पाटाची, आईचं तर तिने स्वतःच दिलं. भिंतीआड गेलेल्या माणसाचं नाही घेतलं. ती जागा मला रिकामी दिसत होती. ठिपकेच ते."

"मग भिंतीत खिडकी पाडू या."

"चालणार नाही. ती भिंत अखंडच लागते, आगीचा नियम आहे. आणि खिडकीतून बघून कुणी आत येत नसतं. तू आलीस म्हणून मी आले."

आम्ही पूल ओलांडला. त्यांनी पहिल्यांदाच बाही पिळली.

"वहिनी, एक मागू?"

"मागा ना."

"तिथे तू उभी राहत जा. दर वेळी. कुणाचंही असो."

मी थबकले. "मी? वन्सं, अहो, परक्यांच्या... मी बाईमाणूस... लोक काय म्हणतील?"

"आज काय म्हणाले?"

कालव्याचं पाणी पुलाखालून अगदी सावकाश चाललं होतं.

"बोलायचं काही नाही," त्या म्हणाल्या. "कुणी थांबलं तर थांबू द्यायचं थोडं. मग आत सोडून यायचं. एवढंच. भिंतीला पाठ लावून किती वेळ उभी राहशील? तुला टेकायला कालव्याकडे एक कठडा करून घेते, साहेबांना विचारून. तुझ्या उंचीचा."

त्यांनी पिशवीत हात घातला आणि तो मापाचा टेप काढला, जो त्या कुठेही जाताना, आईला पोचवायला जातानासुद्धा, बरोबर ठेवत असल्या पाहिजेत. त्या रस्त्यातच माझ्यासमोर खाली बसल्या, टेपचं टोक माझ्या चपलेपाशी धरलं आणि वर बघितलं.

"करशील ना?" त्या म्हणाल्या. "कोपर वाकव बघू."